भाषणातल्या सहा ओळी

आमच्या घरी रविवारी लोक भाषणं न्यायला यायचे. कुणी लोणचं न्यायला येतं, कुणी शिवायला टाकलेला ब्लाउज न्यायला येतं, तसे हे यायचे. दिल्लीत मयूर विहारमधला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, जिन्यात कायम कुणाच्या तरी कुकरचा वास, आणि दारात घाम पुसत उभे असलेले कुणी गजभिये काका किंवा रामटेके मावशी. 'मेश्राम साहेब आहेत का? पोरीचं जुळलं. दोन शब्द लिहून पाहिजे होते.' बाबा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, दिवसभर नस्त्यांवर टिपणं लिहायचे, पण दिल्लीतल्या आमच्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या लोकांत त्यांचं नाव होतं ते लग्नातल्या भाषणांसाठी. आमच्या लग्नांत त्रिशरण-पंचशील होतं, नवरा-नवरी प्रतिज्ञा घेतात, डोक्यावर फुलं पडतात, आणि मग माइक फिरायला लागतो. वधूचे वडील बोलतात, वराचे मामा बोलतात, ऑफिसातले वरिष्ठ बोलतात. तिकडे मटर-पनीर गार होत असतं आणि इकडे 'मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे' म्हणणारा माणूस पंचवीस मिनिटं हलत नाही. बाबांचं लिहिलेलं भाषण मात्र पाच मिनिटांत संपायचं आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या. आलेल्या माणसाला ते आधी चहा द्यायचे आणि मग लिहिण्याबद्दल एक अक्षर न काढता विचारत बसायचे. मुलगी जन्मली त्या दिवशी तुम्ही कुठं होता? तिचा पहिला डबा कुणी भरला? तिनं तुम्हाला कधी खोटं सांगितलं का? माणूस हसत हसत सांगायला लागायचा आणि मधेच कधीतरी त्याचा आवाज बसायचा. तेवढंच बाबा कागदावर टिपून घ्यायचे.

त्यांचे नियम आम्हा दोघी बहिणींना पाठ झाले होते. नवरीच्या आईचं नाव सगळ्यांत आधी. उपदेश एकच, तोही शेवटी. आणि दुसऱ्याच्या मांडवात आपलं रडगाणं गायचं नाही. भाषण तयार झालं की ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आईला ऐकवायचे. आई तेव्हा पाटवड्या थापत असायची किंवा सांबारवडीसाठी कोथिंबीर निवडत असायची. ती मान वर न करता ऐकायची आणि एखाद्या वाक्याला 'हे जड झालं' म्हणायची. बाबा ते वाक्य तिथल्या तिथे खोडायचे. ऑफिसात साहेबांनी खोडलं तर दोन दिवस धुसफुसणारा हा माणूस आईपुढे मुकाट्यानं कसा खोडतो याचं मला फार नवल वाटायचं.

मी मुळात भित्री. परीक्षेच्या आधी पोट बिघडणार, पाहुणे यायच्या आधी पोट बिघडणार, शेजारच्या फ्लॅटात जोरात बोलणं ऐकू आलं तरी मला वाटायचं, आपल्याबद्दलच बोलत असतील. आता साठीकडे झुकले तरी फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं, मग मी तो शोधते. त्यामुळे प्रज्ञाताईनं तिच्या ऑफिसातल्या विवेकचं नाव घरात सांगितलं त्या दिवसापासून लग्न उरकेपर्यंत मी एक रात्रही धड झोपले नाही. विवेकचं घर नोएडाला होतं, मूळचे ते बरेलीकडचे. आई-वडील सभ्य होते. आम्ही कोण हे त्यांना ठाऊक होतं आणि चार महिने विचार करून त्यांनी हो म्हटलं होतं. पण त्यांच्या बाकीच्या नातेवाइकांना त्यांनी एवढंच सांगितलं होतं की मुलगी महाराष्ट्रीयन आहे, वडील सरकारी अधिकारी आहेत आणि घरचे बौद्ध आहेत. बौद्ध म्हटल्यावर त्या लोकांना डोळे मिटून बसणारे परदेशी पाहुणे आठवायचे आणि त्यांचं समाधान व्हायचं. सकाळी आमच्या पद्धतीनं आणि संध्याकाळी नोएडात त्यांच्या पद्धतीनं, असं ठरलं. बरेलीहून विवेकचे ताऊजी, म्हणजे त्याच्या वडिलांचे थोरले भाऊ, येणार होते. त्यांना यायला राजी करण्यातच विवेकच्या वडिलांचा अर्धा जीव गेला होता. ताऊजी भर मांडवातून उठून जाऊ शकतात, एका पुतण्याच्या लग्नातून तसे गेलेही होते, हे विवेकनं ताईला सांगितलं आणि ताईनं मला.

बाबांच्या भाषणाचा प्रश्न तिथूनच निघाला. सगळ्या दिल्लीला भाषणं लिहून देणारा माणूस स्वतःच्या मुलीच्या लग्नात बोलणार हे तर ठरलेलंच होतं. अडचण एवढीच की निम्म्या लोकांना मराठी कळणार नव्हतं, आणि बाबांचं हिंदी तीस वर्षं दिल्लीत राहूनही भाजीवाल्यापुरतंच होतं. नस्त्यांवर ते इंग्रजी लिहायचे, घरात मराठी बोलायचे, आणि हिंदीत 'वो क्या है ना' म्हणून अडायचे. माझं मात्र सगळं शिक्षण हिंदी वस्तीत झालेलं. मराठी वाचताना मी अजूनही थोडी अडखळते, हिंदी माझं पाण्यासारखं. म्हणून बाबांनी लग्नाच्या आठवडाभर आधी मराठीत लिहिलेली तीन पानं माझ्या हातात दिली आणि म्हणाले, 'सुजाता, हे हिंदीत कर. सुंदर अक्षरात काढ, चष्मा बदललाय मी, तरी त्रास होतो.' त्याच संध्याकाळी ताई माझ्या पलंगावर येऊन बसली. ती त्या महिन्यात एवढी वाळली होती की शिवून आलेले ब्लाउज पुन्हा आत घ्यावे लागले होते.

'सुजू, बाबांनी दिलं ना तुला भाषण?'

'हो. अजून वाचलं नाही.'

'त्यात तसलं काही असलं, तर जरा बघशील?'

'तसलं म्हणजे?'

'यार, तुला माहितीये.' ती बांगडी फिरवत राहिली. 'मला बाबांना सांगता येणार नाही. मी सांगितलं तर ते मरून जातील.'

'अगं पण दोन्ही तसबिरी तर लागणारच आहेत समोर. दुसरी पाहिल्यावर कळायचं त्यांना कळणारच ना?'

'पाहिलेलं न पाहिल्यासारखं करता येतं,' ताई म्हणाली. 'माइकवरून ऐकलेलं नाही करता येत. ताऊजी उठले तर विवेकचे पप्पा पण उठतील. तो त्यांचा मोठा भाऊ आहे. प्लीज, सुजू.'

ती गेल्यावर मी पानं वाचायला घेतली. पहिल्या पानावर नियमाप्रमाणे आईचं नाव होतं. ताई जन्मली तेव्हा बाबा दिल्लीला निघालेल्या गाडीत होते आणि तार चार दिवसांनी मिळाली, हे होतं. विवेकच्या आई-वडिलांचे आभार होते. दुसऱ्या पानाच्या मध्यावर सहा ओळी होत्या. त्या मी तेव्हा किती वेळा वाचल्या कोण जाणे, म्हणून आजही जशाच्या तशा सांगू शकते. 'माझ्या स्वतःच्या लग्नाच्या दिवशी मी आयुष्यातले पहिले बूट घातले. ते नागपूरहून आणले होते. आमच्या गावात मोठ्या लोकांच्या गल्लीतून आमच्या माणसानं पायात काही घालून जायचं नाही अशी रीत होती, म्हणून लग्नाला निघताना, नवरदेव असूनही, मी ते बूट काढले आणि हातात धरून ती गल्ली चाललो. गल्ली संपल्यावर ओढ्याच्या काठी बसून पुन्हा घातले. आज माझ्या मुलीच्या दारात वरात वाजत आली. ज्यांच्यामुळे हा दिवस दिसला त्यांना वंदन करतो, आणि जावईबापूंना एवढंच मागतो, की माझ्या मुलीला कुठल्याही दारात खाली बघायला लावू नका.'

मला हे ठाऊक नव्हतं. आमच्या घरात वाटेल त्या गोष्टी बोलल्या जायच्या, गावाकडची भांडणं, आजोबांची तंबाखू, आईच्या माहेरच्या चिंचेच्या झाडाचा वाटा, पण बुटांचं कधी कुणी बोललं नव्हतं. माझ्या वडिलांची ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली ती अशी, भाषांतरासाठी आलेल्या कागदावरून. मी जेवणाच्या टेबलाशी बसले होते, आई आत पाहुण्यांसाठी चकल्या पाडत होती, तेलाचा चर्र आवाज येत होता. डोळ्यांपुढे बाबा, एकवीस वर्षांचे, मुंडावळ्या बांधलेले, हातात बूट. आणि त्याच क्षणी दुसरा विचार आला की हे आपल्या सोसायटीच्या पार्कात, लाऊडस्पीकरवरून, आपल्या आवारातल्या सगळ्यांसमोर वाचलं जाणार. माझ्या कॉलेजातल्या पाच मैत्रिणी येणार होत्या. त्यांना मी कधी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं, एवढंच.

मी त्या सहा ओळी गाळल्या. नुसत्या गाळल्या असत्या तर मधे खड्डा दिसला असता, म्हणून तिथे माझ्या मनचं एक वाक्य घातलं: 'हमारा परिवार हमेशा से शिक्षा और संस्कारों को महत्त्व देता आया है।' शेवटचं मागणं तेवढं ठेवलं, पण 'खाली बघायला लावू नका'चं 'सदा खुश रखिएगा' केलं. अक्षर फार सुरेख काढलं. तीन पानांची पावणेतीन झाली. बाबांना कागद हातात घेताच कळू नये म्हणून ओळी जरा दूर दूर लिहून पुन्हा तीन पानं भरली, हेही सांगून टाकते, नाहीतर मी बरीच निरागस वाटेन.

माझा हिशेब असा होता की बाबा घरी भाषण म्हणून बघतील, तेव्हा त्यांना कळेल, ते चिडतील, आणि मग ताईला बोलावून काय ते होईल. ओरडा बसला असता तर बरं वाटलं असतं. पण बाबांनी कागद घेतले, घडी घालून बॅगेत टाकले, आणि त्या दिवसापासून एकदाही म्हणून पाहिले नाहीत. आईनं विचारलं, 'मला ऐकवणार नाही का यावेळी?' तर म्हणाले, 'हिंदी आहे, तुला काय समजणार.' मग पाहुणे यायला लागले. नागपूरचे निम्मे कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात उतरले, बाकीचे आमच्या दोन खोल्यांत. गाद्या, ट्रंका, हळद, मोगऱ्याच्या पुड्या, बाथरूमपुढे रांग. त्या गर्दीत बाबा मला दोनदा भेटले. एकदा जिन्यात म्हणाले, 'सुजाता, सगळं आलं ना गं त्यात?' मी म्हटलं, 'हो बाबा.' आदल्या दिवशी दुपारी तंबूवाल्याशी बोलता बोलता वळून म्हणाले, 'काही राहिलं नाही ना?' मी म्हटलं, 'नाही.' चोराच्या मनात चांदणं, तसं मला दोन्ही वेळा वाटलं की यांना कळलंय. आणि दोन्ही वेळा त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता.

थंडीतली सकाळ होती. पार्कात पांढरा तंबू, कोवळं ऊन, खुर्च्यांवर पांढरी कापडं. बरेलीकडच्या बायका शालींत गुरफटून 'दिन में शादी पहली बार देख रहे हैं' म्हणत होत्या. विवेक घोडीवरून आला. बँडवाले सोसायटीच्या फाटकात पंधरा मिनिटं वाजवत राहिले. ताऊजी उंच, पांढऱ्या मिशांचे, हातात काठी. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसले. समोरच्या दोन्ही तसबिरींकडे त्यांनी पाहिलं, मग चष्मा काढून रुमालानं पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले. ताई म्हणाली होती तसंच झालं. मंचावर जाताना विवेकनं जोडे काढले आणि तिकडच्या रीतीप्रमाणे आम्ही मेव्हण्यांनी ते पळवले. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या खुर्चीखाली ठेवले होते. मैत्रिणी खिदळत होत्या. पायाला ती पिशवी लागली की मी पाय मागे घ्यायची.

प्रतिज्ञा झाल्या. त्याही हिंदीत मीच उतरवल्या होत्या. 'मैं अपनी पत्नी का सम्मान करूँगा, उसका अपमान कभी नहीं करूँगा,' असं विवेक एकेक वाक्य म्हणत गेला. 'घर का अधिकार उसे सौंपूँगा' आलं तेव्हा ताईजी, म्हणजे ताऊजींच्या पत्नी, मोठ्यानं म्हणाल्या, 'ये तो हमारे यहाँ भी कहलवाना चाहिए था,' आणि सगळा तंबू हसला. ताऊजीसुद्धा मिशीतल्या मिशीत हसले. मला वाटलं, सुटलो. मग सूत्रसंचालन करणारे गजभिये काका म्हणाले, 'अब वधू के पिताजी दो शब्द कहेंगे.'

बाबा उठले. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढले. पहिलं पान त्यांनी छान वाचलं, उच्चार जरा घट्ट, पण अडखळले नाहीत. गाडी, तार, चार दिवस. विवेकची आई डोळे पुसू लागली. दुसरं पान सुरू झालं. मी ओळी मोजत होते, कारण त्या मीच लिहिल्या होत्या. नवव्या ओळीनंतर ते वाक्य होतं. तिथे येऊन बाबा थांबले. कागद खाली केला आणि समोर पाहिलं. तंबूत कुणाचं तरी बाळ कुरकुरत होतं, मागे केटररची भांडी वाजत होती. त्यांना सगळं पाठ असायचं. लिहिलेलं भाषण ते कधी वाचायचेच नाहीत, बोलायचे. ते आता कागद सोडून बोलणार हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. मंचावर ताईनं डोळे मिटून घेतले होते. बाबांनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. त्या लग्नाची कॅसेट ताईकडे आहे, पण मी तो भाग कधी पाहिला नाही.

'हमारा परिवार,' बाबांनी कागद वर उचलून वाचलं, 'हमेशा से शिक्षा और संस्कारों को महत्त्व देता आया है.' पुढचं सगळं त्यांनी एक अक्षरही न बदलता वाचलं. 'सदा खुश रखिएगा' वाचलं. मग कागदांची घडी घातली आणि म्हणाले, 'ये भाषण मेरी छोटी बेटी सुजाता ने लिखा है. ताली उसके लिए बजाइए.' टाळ्या झाल्या. सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मैत्रिणींनी मला गदागदा हलवलं. जेवताना ताऊजी काठी टेकत मुद्दाम माझ्यापाशी आले आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाले, 'बहुत सुंदर लिखा, बेटा. संस्कारी परिवार है.' ताई लांबून बघत होती. तिचा जीव भांड्यात पडल्याचं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि तिला आनंद झाला याचा मला राग आला. पानातला गुलाबजाम मी टिश्यूत गुंडाळून टाकून दिला.

हल्ली माझ्या भाचरंडांच्या लग्नांत टोस्ट असतो. गुडगावच्या हॉटेलात हातात ग्लास धरून मित्रमंडळी बोलतात, आणि आठवडाभर आधी मला फोन येतो, 'मावशी, तू लिहितेस ना, कुछ अच्छा सा लिहून दे.' मी लिहून देते. बाबांसारखीच आधी विचारत बसते. माझ्या स्वतःच्या लग्नात मात्र भाषण झालं नाही. त्याच्या आदल्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला, वाचा गेली, ती परत आली नाही. स्वतःच्या मांडवात बोलायची त्यांना एकच सकाळ मिळाली होती.

त्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना नोएडाला निघायचं होतं. दुपारी चारच्या सुमाराला घर जरा रिकामं झालं, बायका केस विंचरायला शेजारी गेल्या. बाबा बाल्कनीत उन्हात बसले होते, बनियनवर, कोट मागे खुर्चीला लावलेला. मी चहा घेऊन गेले. कप ठेवला आणि तिथेच उभी राहिले.

'बाबा, मी ते काढलं.'

'माहीत आहे.' त्यांनी कप उचलला. 'तू दिलंस त्याच दिवशी ऑफिसात वाचलं.'

'मग बोलला का नाहीत? दोनदा विचारलंत मला, तेव्हा तरी रागवायचं होतं! आज तरी म्हणायचं, तुम्हाला तर सगळं पाठ होतं!' मला रडू फुटलं.

'म्हणणारच होतो. मग तुझं तोंड पाहिलं. अशी घाबरून बसली होतीस, जसं मी तुलाच मारणार आहे.' त्यांनी चहाचा घोट घेतला. 'प्रज्ञानं सांगितलं होतं?'

'हो,' मी म्हटलं. हे खरं होतं, आणि एवढ्यावर थांबले असते तर चाललंही असतं. बाबा माझ्याकडे बघत होते. आलेल्या माणसाचा आवाज बसेपर्यंत ते असेच बघत बसायचे. 'ताईनं सांगितलं, पण तिनं नसतं सांगितलं तरी मी काढलं असतं. माझ्या मैत्रिणी येणार होत्या. मला लाज वाटली, बाबा.'

खाली तंबूवाले बांबू सोडवत होते, एकेक बांबू ट्रकमध्ये आपटत होता. मला वाटलं, आता ते उठून आत जातील. आपल्याशी पुन्हा बोलणार नाहीत. बाबांनी बाजूचा वेताचा मोढा पायानं माझ्याकडे सरकवला.

'मला पण वाटायची,' ते म्हणाले. 'बुटांचं तुझ्या आईला सांगायला मला अकरा वर्षं लागली. म्हणून तर एवढी वर्षं दुसऱ्यांचीच भाषणं लिहून राहिलो.'